ज्युनिपर हिरवा दिसतो, पण गेलेला असतो: सूचिपर्णी बोन्साय पुन्हा पुन्हा का जातात?

थंडीच्या दिवसांत नर्सरीतून किंवा प्रदर्शनातून छोटासा ज्युनिपर, म्हणजे सुईसारख्या किंवा खवल्यांसारख्या पानांचं एक सूचिपर्णी झाड, घरी येतो. उथळ ट्रे, मातीवर पांढरे गोटे, वायर घालून वळवलेलं खोड. दीड-दोन महिने झाड छान दिसतं. मग मार्च-एप्रिलमध्ये रंग उतरायला लागतो, हिरव्यावर राखाडी छटा येते, हात लावला की पानं झडतात. घरातले घाबरतात आणि पाणी वाढवतात. कुणी खत घालायला सांगतं, कुणी सावलीत न्यायला सांगतं. महिनाभरात झाड पूर्ण तपकिरी होतं. पुढच्या हिवाळ्यात नवीन ज्युनिपर येतो आणि त्याचंही तेच होतं. शेवटी निष्कर्ष निघतो की सूचिपर्णी झाडं आपल्याकडे जगतच नाहीत, बोन्साय करायचं तर वड-पिंपळाचंच करावं.

हा निष्कर्ष मला पटत नाही. काही सूचिपर्णी आपल्या हवेत खरोखर टिकत नाहीत, त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. पण ज्युनिपर त्यांतला नाही. पुण्या-बंगळुरूच्या हवेत नीट सांभाळलेले ज्युनिपर वर्षानुवर्षं उभे आहेत. आपल्याकडे तो मरतो त्याची कारणं बहुतेक वेळा ओळखता येतात. फक्त ती चुकीच्या तारखेला शोधली जातात.

तारीख मागे न्या

जास्वंदीचं मूळ दुखावलं तर दुसऱ्या दिवशी पानं माना टाकतात. ज्युनिपरचं तसं नाही. त्याची पानं बारीक, खवल्यांसारखी किंवा सुईसारखी, वर मेणचट थर असलेली. त्यांतून पाणी फार सावकाश उडतं. मुळं काम करायची थांबली तरी फांद्यांमधल्या साठ्यावर पानं कित्येक आठवडे हिरवी राहतात. झाड आतून संपलेलं असतं आणि आपण त्याला रोज पाणी घालत असतो.

म्हणून पानं तपकिरी झाली की ‘या आठवड्यात काय बिघडलं’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. चार ते दहा आठवडे मागे जा. तेव्हा कुंडी बदलली होती का? झाड त्याच सुमारास विकत आणलं होतं का? गावाला गेला होतात आणि झाड दिवाणखान्यात ठेवलं होतं का? फांद्या भरपूर छाटल्या होत्या का? प्रदर्शनातून आणलेल्या झाडांच्या बाबतीत उत्तर बऱ्याचदा घरी आणण्याच्याही आधीचं असतं. पिशवीतलं रोप विक्रीच्या तोंडावर उपटून, मुळांचा निम्म्याहून जास्त गोळा कापून उथळ ट्रेमध्ये बसवलेलं असतं. तुम्ही ते हातात घेतलं तेव्हाच त्याचे दिवस मोजलेले असतात. अशा झाडाबद्दल स्वतःला दोष देत बसू नका.

आधी जिवंत आहे का ते बघा

उपाय सुरू करण्याआधी नखाने एक परीक्षा करायची. एखाद्या बारीक फांदीची साल अगदी हलकेच खरवडा. खाली ओलसर, पोपटी हिरवा थर दिसला तर ती फांदी जिवंत आहे. थर पिवळट-तपकिरी आणि कोरडा असेल तर ती गेली. मग खाली खाली येत जाडसर फांदी, आणि शेवटी खोडाच्या तळाजवळ एका ठिकाणी बघा. खोडापाशीही तपकिरीच दिसलं तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

दुसरी खूण पानांची. जिवंत ज्युनिपरची पालवी दोन बोटांत धरली की लवचीक आणि किंचित गार लागते. मेलेल्याची पालवी हिरवी असली तरी कडक आणि खरखरीत लागते, वाकवली की मोडते. रोज हात लावायची सवय असेल तर हा फरक डोळ्यांच्या आधी बोटांना कळतो.

तपकिरी कुठे आहे?

सगळं झाड एकसारखं निस्तेज होत असेल तर दोष मुळांत आहे, त्यावर पुढे सविस्तर येतो.

फक्त आतली, खोडाजवळची पानं वाळत असतील आणि शेंडे टवटवीत असतील तर घाबरायचं कारण नाही. जुनी, सावलीत गेलेली पानं सूचिपर्णी झाडं टाकतातच. ती चिमट्याने काढून टाका म्हणजे आत हवा आणि उजेड जाईल. हे दुर्लक्षित ठेवलं तर मात्र आतल्या फांद्या कायमच्या उघड्या पडतात, आणि ज्युनिपरच्या उघड्या जुन्या लाकडावर नवी फूट सहसा येत नाही. फांदीवर थोडी तरी हिरवळ शिल्लक असल्याशिवाय ती मागे कापू नये, हा नियम म्हणूनच आहे.

पानांवर बारीक फिकट ठिपके, त्यावर धुळकट तांबूस झाक, हे उन्हाळ्यात दिसलं तर लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारा अगदी बारीक जीव, समजा. ढोबळी किंवा वांगं लावणाऱ्या शेतकऱ्याला हा ओळखीचा. खात्री करायची तर पांढरा कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर टिचकी मारा. कागदावर मिरपुडीएवढे ठिपके पडतील. क्षणभर थांबून नीट बघा, त्यांतले काही चालू लागतील. बोट फिरवलं की रेघ उठते. कोरड्या, तापलेल्या हवेत कोळी झपाट्याने वाढतो, आणि ज्युनिपरवर तो लक्षात येईपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. पहिला उपाय पाण्याचा: सकाळी पाइपच्या जोरदार फवाऱ्याने पालवी खालून-वरून धुवा, आणि चार-पाच दिवसांच्या अंतराने हे पुन्हा करत राहा, कारण अंडी एका धुण्याने जात नाहीत. त्यानंतरही आटोक्यात आला नाही तर कडुनिंबाचं तेल किंवा कृषी सेवा केंद्रात मिळणारं पाण्यात मिसळणारं गंधक. या दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात वापरू नका, आणि पारा ३२ अंशांच्या वर असताना गंधक मारू नका, पालवी भाजते. साधं कीटकनाशक इथे सहसा कामाला येत नाही. कोळी हा कीटक नव्हे, आणि त्या औषधाने कोळी खाणारे मित्रकीटक तेवढे मरतात.

पावसाळ्यात कोवळे शेंडेच करपत असतील, आणि करपलेला भाग व हिरवा भाग यांच्यामध्ये स्पष्ट सीमा दिसत असेल, तर ती फोमॉप्सिस या बुरशीची शेंडामर असू शकते. करपलेले शेंडे कोरड्या दिवशी, थोडा हिरवा भाग घेऊन कापा, कात्री दरवेळी स्पिरिटने पुसा आणि कॉपर ऑक्सिक्लोराइडची फवारणी करा. इथे एक फरक लक्षात ठेवा. नखाने शेंडे खुडायची सवय असलेल्यांच्या झाडावर सगळेच शेंडे एकदम तपकिरी दिसतात. तो रोग नसतो, खुडल्याची जखम असते. ज्युनिपर खुडू नका. वाढलेली फूट तिच्या बुडाशी, बारीक टोकाच्या कात्रीने कापा.

एकच फांदी गेली असेल तर वायर बघा. घट्ट रुतलेली वायर किंवा वाकवताना सालीखाली बसलेला पीळ हे नेहमीचं कारण. ज्युनिपरच्या जुन्या झाडात ठरावीक मुळं ठरावीक फांद्यांनाच पाणी पुरवतात. एका बाजूचं जाड मूळ कापलं की त्याच बाजूची फांदी सुकते, बाकी झाड ठणठणीत राहतं.

आणि खवल्यांच्या पालवीतून अचानक टोचणारी सुईसारखी पानं यायला लागली तर तो आजार नाही. भरपूर छाटणीनंतर चायनीज ज्युनिपर आपली बाल्यावस्थेतली पालवी काढतो. पुन्हा पुन्हा कापलं तर ती आणखी येते. सोडून द्या, वर्ष-दोन वर्षांत खवले परत येतात.

मुळं

आपल्याकडचे बहुतेक ज्युनिपर पाण्याच्या अभावाने नव्हे, तर मुळाशी हवा न मिळाल्याने जातात. नर्सरीची लाल चिकट माती कुंडीत दगडासारखी बसते. वर पाणी दिलं की ती बाहेरून ओली होते, आतला गोळा कोरडाच राहतो. किंवा उलट, पावसाळ्यात आतला गोळा तीन-तीन आठवडे ओलाचिंब राहतो आणि मूळकूज सुरू होते. एकाच मातीने दोन्ही प्रकारे मरण येतं. म्हणून ‘पाणी दिवसाआड घालू की रोज’ या प्रश्नाचं उत्तर माती न बघता देता येत नाही. लाकडी काडी मुळाजवळ खोलवर खुपसून ठेवा, दहा मिनिटांनी काढून बघा. काडी काळपट ओली निघाली तर पाणी नको. जेमतेम दमट असेल तर भरपूर द्या, खालच्या भोकांतून वाहेपर्यंत. शिंतोडे मारण्याला पाणी घालणं म्हणत नाहीत.

मिश्रण दाणेदार हवं. जपानी आकादामा माती आपल्याकडे महाग पडते आणि तिची गरजही नाही. चांगल्या भाजलेल्या विटेचा चुरा, त्याच्या निम्म्याने बारीक खडी किंवा प्युमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड), आणि थोडं कुजलेलं शेणखत किंवा कोकोपीट, एवढ्यावर काम भागतं. महत्त्वाची गोष्ट चाळण्याची. साधारण ३ ते ६ मिलिमीटरचे दाणे ठेवायचे आणि खाली पडलेली धूळ निर्दयपणे टाकून द्यायची. धूळ राहिली की ती पहिल्या पावसात तळाशी जाऊन बसते, भोकं बुजतात आणि पुन्हा चिखल. कच्ची वीट तर वर्षभरात विरघळते, ती वापरूच नका.

पण मिश्रण चांगलं आहे म्हणून सगळी जुनी माती धुऊन काढायचा मोह टाळा. फुलझाडाची मुळं धुतली तरी ते सावरतं, ज्युनिपर आणि पाइनला ते सोसत नाही. त्यांच्या मुळांबरोबर राहणारी उपयोगी बुरशी त्या जुन्या मातीत असते. मुळांचा गोळा मनाने दोन भागांत वाटा. या वेळी एकाच अर्ध्या भागातली माती काडीने मोकळी करून नवं मिश्रण भरा, दुसऱ्या अर्ध्याला हात लावू नका. तो भाग पुढच्या खेपेला, एक-दोन वर्षांनी. आमच्या भागात यासाठी जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी बरा. थंडी सरत आलेली असते, नवी मुळं धरायला कडक उन्हाळ्याआधी अवधी मिळतो. एप्रिल-मे मध्ये कुंडी बदलणं म्हणजे झाड हातचं घालवणं.

कुंडी बदलली त्या हंगामात छाटणी करू नका, वायरिंगही नको. ज्युनिपरची ताकद पालवीत असते. मुळं कापली म्हणून समतोलासाठी फांद्याही कापाव्यात, हा पानझडी झाडांवरून आलेला सल्ला इथे नुकसान करतो. झाड कुंडीला तारेने घट्ट बांधा, वाऱ्याने हललं की नवी कोवळी मुळं तुटतात. तीन-चार आठवडे उजेडाच्या सावलीत, महिना-दीड महिना खत बंद.

मग नेमकं कोणतं झाड घ्यावं?

महाराष्ट्राच्या सह्याद्रीत मूळचं असं एकही सूचिपर्णी झाड नाही. खाली केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत नागेइया नावाचं एक आहे, बाकी सगळी हिमालयातून किंवा परदेशांतून आलेली. त्यामुळे आपण लावतो ते प्रत्येक झाड पाहुणं आहे, आणि त्याला त्याच्या गावची हवा किती लागते हे आधी विचारावं लागतं.

नर्सरीत ‘प्रोस्ट्राटा’ नावाने मिळणारा पसरट ज्युनिपर आणि चायनीज ज्युनिपर, हे दोन्ही घाटावरच्या शहरांत चांगले. जपानमध्ये ज्याचं एवढं नाव आहे तो शिंपाकू चायनीज ज्युनिपरचाच भाऊबंद. इतोइगावा हा त्याचा प्रसिद्ध प्रकार निइगाता प्रांतातल्या त्याच नावाच्या गावाजवळच्या कड्यांवरून आला. मुंबई आणि कोकणपट्टीत ज्युनिपर जगतो, पण पावसाळ्यात जपावा लागतो.

पोडोकार्पस या सूचिपर्णी झाडाकडे आपले लोक फारसे बघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. तैवान, इंडोनेशियात तो बोन्सायसाठी मानाचा आहे. उष्ण दमट हवा त्याला मानवते, आणि जुन्या लाकडावरही फूट येते, जे ज्युनिपर करत नाही. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा या पट्ट्यात कुणी विचारलं तर मी पहिलं नाव याचं घेतो. वाढ संथ आहे, तेवढी तयारी ठेवावी. बॉल्ड सायप्रस मिळाला तर तोही घ्या. अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीतलं हे झाड, पाय पाण्यात बुडाले तरी त्याला चालतं. हिवाळ्यात पानं गाळतो, तेव्हा मेला समजून टाकून देऊ नका.

सुरू खरं तर सूचिपर्णी नाहीच, ते फुलणारं झाड आहे, त्याच्या ‘सुया’ म्हणजे हिरव्या काड्या आणि पानं त्यांच्या पेरांवर बारीक खवल्यांएवढी. पण पाइनसारखं रूप हवं असेल आणि घर समुद्राजवळ असेल तर सुरूसारखं झाड नाही. अलिबागपासून खाली किनाऱ्यावरची सुरूची बनं खारा वारा आणि वाळू सोसतात ते आपण बघतोच. छाटलं की पुन्हा भरभरून फुटतं. फक्त पाणी भरपूर हवं, ट्रेमध्ये एक दिवस कोरडं पडलं तरी फांद्या सोडतं. इंडोनेशियात सुरूचे अप्रतिम बोन्साय होतात.

पाइनमध्ये चीड घ्यायला हरकत नाही. हिमालयाच्या खालच्या उतारांवर, साधारण ५०० मीटरपासून तो दिसतो, म्हणून उष्णता सोसतो. लहान वयात खोडावरूनही फुटतो. अडचण त्याच्या सुयांची: वीस-तीस सेंटिमीटर लांब. छोट्या ट्रेमध्ये ते विसंगत दिसतं, म्हणून मोठ्या आकाराचं बोन्साय करायची जागा आणि धीर असेल तरच. जपानी काळा पाइन मूळचा किनाऱ्यावरचा, घाटावर प्रयत्न करता येतो. जपानी पांढरा पाइन, स्प्रूस, लार्च यांना खरी थंडी लागते, ती नाही मिळाली की दरवर्षी थोडे थोडे खंगत जातात. देवदारही तसाच, तो उंचावरचा. मुंबईच्या बाल्कनीत तो लावणं मला योग्य वाटत नाही.

मोरपंखी सगळीकडे मिळते, स्वस्त आहे, ऊनही सोसते. पण तिची पालवी उभ्या पंख्यांसारखी, तिला आडवे थर देता येत नाहीत, आतली पालवी गेली की परत येत नाही. हात बसवायला, वायरिंग शिकायला घ्या. ख्रिसमस ट्री म्हणून विकला जाणारा अरोकेरिया बोन्सायसाठी घेऊच नका. फांद्यांचे गोल मजले आणि मजल्यांमध्ये मोकळं खोड, ही त्याची जातच आहे, कात्रीने ती बदलत नाही. पिवळसर, लिंबाचा वास येणारा गोल्डक्रेस्ट सायप्रस दिसायला मोहक. त्याची मूळ जात कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेजवळच्या थंड, धुकट किनाऱ्यावरची आहे. आपला मे महिना त्याला पार होत नाही.

मे आणि जुलै

कुठलाही सूचिपर्णी घरात ठेवू नका. खिडकीतला उजेड त्याला पुरत नाही, एसीची हवा सुकवते. सकाळचं चार-पाच तास ऊन मिळेल अशी मोकळी जागा हवी. मे महिन्यात पालवीपेक्षा कुंडीची काळजी करा. उथळ ट्रे गच्चीच्या फरशीवर तापला की कडेची मुळं भाजतात. कुंडी लाकडी पाटावर किंवा स्टँडवर ठेवा, कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, दुपारी ५० टक्के सावलीची शेडनेट.

पावसाळ्यात वरचे गोटे आणि शेवाळ काढून टाका, मातीला श्वास घेऊ द्या. ट्रेच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून तो तिरका करा. उथळ भांड्यात तळाशी पाण्याचा जो थर अडून राहतो तो तिरकं केल्यावर निचरून जातो. सलग संततधार लागली तर पत्र्याखाली हलवा, पण वारा बंद होईल अशा कोपऱ्यात नको.

झाड अर्धवट आजारी असेल तर

नखाच्या परीक्षेत खोड हिरवं निघालं तर झाड वाचण्याची शक्यता आहे. खत पूर्ण बंद. वायर काढा, छाटणी नको, वाळलेलं तेवढंच काढा. माती कुजका वास मारत नसेल तर कुंडी बदलू नका. मारत असेल तरच गोळा न फोडता उचलून, काळी मऊ मुळं कापून, दाणेदार मिश्रणात मोठ्या खोलगट कुंडीत बसवा. उजेडाच्या सावलीत ठेवा, पालवीवर दिवसातून दोनदा पाणी फवारा, मातीत मात्र काडी बघूनच. सुधारणा झाली तर शेंड्यांना फिकट पोपटी टोकं दिसतील. ती दिसायला दोन महिनेही लागतात.

नवीन झाड घेताना खोड धरून अगदी हलकं हलवून बघा. ट्रेमध्ये डुगडुगलं तर नुकतंच बसवलेलं आहे. कुंडी कधी बदलली ते विचारा, धड उत्तर मिळालं नाही तर ठेवून द्या. त्याऐवजी पिशवीतला, खालपासून फांद्या असलेला, वर्षभर नर्सरीत वाढलेला साधा ज्युनिपर घ्या. किंमतही कमी असते. पहिलं वर्ष त्याला पिशवीतच ठेवा, ट्रेची घाई पुढच्या फेब्रुवारीत करा.